पावणेतीनची गाडी

'दशावतार' हा पिक्चर लागून आठवडा झाला असेल. रविवारी जेवणं आटोपून आम्ही सगळी आजोळच्या सोप्यावर पसरलो होतो. पाऊस नुकताच पडून गेला होता, अंगणातल्या चिऱ्यांवरून वाफ उठत होती, आणि मामाने खिशातून चण्यांची पुडी काढून मांडीवर ठेवली. आमच्या घरात ही खूण आहे. पुडी बाहेर आली की पिक्चर सुरू होणार. आदल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून म्हापशाला जाऊन एकटाच बघून आला होता. "तर काय," मामाने सुरुवात केली, "एक बाबुली म्हणून असतो. दशावतारात काम करणारा. वय झालेलं, डोळ्यांनी धड दिसत नाही, पण तोंडाला रंग लावायचं काही सुटत नाही. आता त्याचा मुलगा..." एवढ्यात त्याच्या नातीने दोन्ही कानांवर हात दाबले. "आजो, स्पॉयलर! आम्ही बुधवारी जातोय ना!" मामाला तो शब्द कळला की नाही, ठाऊक नाही. कानांवरचे हात मात्र कळले. त्याने दोन चणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाला, "बरं आहे. बघा."

मग पुडी गुंडाळून परत खिशात गेली.

कोणी कोणाला दुखावलं वगैरे काही नव्हतं. पोरगी लगेच जाऊन आजोच्या खांद्याला लोंबकळली, 'बघून आले की बोलूया हां' असंही म्हणाली. पण संध्याकाळी पर्वरीला परतताना अख्खी वाट मला ते 'बघा' टोचत राहिलं. मामाने एखादा आवडलेला पिक्चर दोन शब्दांत मिटवलेला मी आजवर पाहिला नव्हता. दोन शब्दांत तो फक्त टाकाऊ पिक्चर मिटवायचा. 'काय होतं रे पिक्चरमध्ये?' असं विचारलं आणि 'लग्न होतं शेवटी' एवढंच उत्तर आलं, की वाड्यावरचं कोणी त्या पिक्चरच्या वाटेला जायचं नाही. आवडलेल्याला रात्र लागायची.

मामा कदंबवर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, कंडक्टर. १९८० साली कदंब महामंडळ सुरू झालं आणि लवकरच तो तिथे चिकटला, निवृत्त होईपर्यंत. त्याची गाडी सकाळी डिचोलीहून निघून म्हापशाला जायची आणि परतीची फेरी थेट दुपारी पावणेतीनला. मधल्या वेळात ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा आणि मामा पैशांची पिशवी पोटाशी धरून अलंकारला मॅटिनीला. शुक्रवार असला तर दुप्पट मजा, कारण म्हापशाचा बाजारही शुक्रवारचा आणि नवा पिक्चरही शुक्रवारचा. परतीच्या गाडीत पायाखाली मिरच्यांची पोती, मांडीवर केळ्यांचे घड, कुणाच्या तरी पिशवीतून सुक्या बांगड्यांचा घमघमाट, आणि त्या गर्दीतून तिकिटं फाडत जाणाऱ्या मामाच्या डोक्यात आत्ताच पाहिलेला हिरो. रात्री तो घरी यायचा, आंघोळ करायचा, पेज जेवायचा. तोवर वाड्यावरच्या बायका भांडी उरकून सोप्यावर आलेल्या असायच्या. मी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे असायची, त्या रात्रींचा म्हणून माझ्या नाकात अजून काजूच्या बोंडांचा आंबूस वास आहे, आणि आजीच्या तपकिरीचा.

सांगण्याची त्याची तऱ्हा होती. गाण्याची पहिली ओळ म्हणायची, पुढचं गुणगुणायचं, आणि 'अशी तीन कडवी' म्हणून पुढे सरकायचं. मारामारीला सोप्याचा खांब. पिस्तुलाला तिकिटाचा पंच, खिशातून काढून कट्ट कट्ट, आणि आम्ही पोरं अंगणात मरून पडायचो. प्रेमाचे प्रसंग मात्र तो घाईत उरकायचा, कारण समोर आजी बसलेली. 'ती बागेत भेटतात. बोलतात काय ते. मागीर...' आणि सगळ्या बायका एका सुरात, 'मागीर?', म्हणजे 'मग?'. श्वास घ्यायला थांबला तरी हा प्रश्न यायचा. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' त्याने नोकरीला लागायच्या आधी, थोरल्या भावांबरोबर रात्रीच्या खेळाला पाहिलेला होता, पण तो १९७२चा पिक्चर ऐंशीच्या दशकातही आमच्या सोप्यावर फर्माइशीने लागत असे. गुरुजी ताठ असेपर्यंत मामा ताठ बसायचा. गुरुजी नाचणारणीच्या मागे फडावर गेले की तो पाठीत वाकत वाकत जायचा, आणि शेवटी गुरुजींना फाशीची शिक्षा होते ती गुरुजींच्याच खुनाबद्दल, इथे येऊन तो थांबायचा. सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचा. तो निकाल आम्हाला पाठ होता. तरी दरवेळी कोणीतरी हळहळायचं, 'अरे, पण सांगून टाकायचं होतं ना त्याने!'

आता वाटतं, आमच्या घरात पिक्चरबद्दलचं मत म्हणजे हेच होतं. 'कसा आहे?' याचं उत्तर 'काय झालं' यात असायचं. मामाला खलनायक आवडला की त्याचे संवाद वाढायचे. हिरॉइन आवडली नाही तर ती नुसतीच 'ती पोरगी' व्हायची, नावसुद्धा मिळायचं नाही. किती वेळ सांगितलं, कुठे आवाज खाली आला, काय गाळलं, यावरून बायकांना नेमकं कळायचं की तिकिटाचे पैसे घालायचे की नाही. आणि गोष्ट पूर्ण ऐकून झाल्यावर त्या जायच्या! पुढे महिन्याभराने तोच पिक्चर डिचोलीच्या हिराला लागला की अबोलीचे वळेसर माळून, शेंगदाणे बांधून घेऊन पाच-सहा जणी निघायच्या. परत आल्या की मामाची उलटतपासणी. 'तू सांगितलेला ठाकूर जास्त दुष्ट होता रे. हा अगदीच भातखाऊ.' आईचा हिशेब वेगळा, किती वेळा डोळ्याला पदर लावावा लागला त्यावर. रडू न आलेला पिक्चर तिच्या लेखी पैसे बुडवणारा. बाबा फक्त गाण्यांपुरते हजर, मारामारीच्या वेळी झोपणारे, तरी 'पिक्चर उत्तम' म्हणणारे. एक मावशी साड्या बघून यायची. यातलं कुठलंच मत पेपरात छापण्याजोगं नाही, पण कुठल्या मताने कोणी थिएटरला जायचं आणि कोणी घरी राहायचं, ते सगळ्यांना बरोबर समजत होतं.

गोष्ट आधी कळली म्हणजे मजा गेली, हे आमच्या बाजूच्या माणसाला खरं तर पटायला अवघडच. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की पेडण्या-डिचोलीच्या गावागावांत दहीकाला, म्हणजे रात्रभराचा दशावतार. मध्यरात्र उलटली की आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग तो लाल-काळा संकासुर, आणि पुढे जे आख्यान असेल ते उजाडेपर्यंत. त्यात रावण मरणार, द्रौपदीची लाज राखली जाणार, हे अंथरुणात घोरणाऱ्या पोरालाही माहीत असतं. दशावताराला छापील संहिता नसते, नट उभ्या जागी संवाद रचतात, म्हणून लोक बघतात ते आज याने कसं रचलं ते. सकाळी चहाच्या दुकानात चर्चा असते, 'यंदा नारद पडला, पण राजाचा आवाज काय लागला होता!' कोणी कानांवर हात ठेवत नाही.

पिक्चरच्या बाबतीतही तेच झालेलं आहे. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४चा. त्याचं रहस्य ज्याला माहीत होतं त्याला दोनच वर्षांनी आलेल्या 'मेरा साया'चंही माहीत होतं, कारण एकावरून दुसरा बेतलेला. आई दोन्ही बघून आली होती, आणि दुसऱ्यांदा जास्त मजा आली असं सांगायची, कारण आता हिरोपेक्षा तिला जास्त कळत होतं. आपल्या कोकणीतल्या 'निर्मोण'चंही तसंच. १९६६ साली तो आला आणि १९६७ साली त्याच दिग्दर्शकाने, ए. सलामने, 'तकदीर' नावाने हिंदीत केला. ज्या गोंयकारांनी 'निर्मोण' बघितला होता त्यांनी 'तकदीर'ला पाठ फिरवली असेल, असं मला वाटत नाही. उलट, 'हे आमचंच' म्हणून शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारत बघितला असेल.

तरीही नातीची बाजू मला सोडवत नाही.

तिच्या मैत्रिणी ठरवून, पैसे साठवून जातात. पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग. तेवढ्या पैशांत त्यांना हवा असतो तो एकच क्षण, खुर्चीत बसल्या बसल्या पोटात खड्डा पडतो तो. तो कोणी आधीच हातावर ठेवला तर राग येणारच. शिवाय हे काही आजचं खूळ नाही. हिचकॉकने १९६० साली 'सायको'च्या वेळी जाहिरातींतून प्रेक्षकांना विनवलं होतं की शेवट कोणाला सांगू नका, आणि खेळ सुरू झाल्यावर कोणाला आत घ्यायचं नाही असा दंडक घातला होता. आणि मी स्वतः २०१५ साली 'दृश्यम' बघितला तेव्हा मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या केरळच्या बाईंना सगळं ठाऊक होतं, कारण मूळ मल्याळम पिक्चर २०१३चा. त्यांनी चकार शब्द काढला नाही, नुसतं जेवणाच्या डब्यावरून माझ्याकडे बघून हसत राहिल्या. प्रेत नव्या पोलीस स्टेशनच्या जमिनीखाली आहे हे कळलं तेव्हा थिएटरमध्ये जो आवाज उठला, तो मी विसरलेले नाही. मीही त्यात होते. (सांगून टाकलं. दहा वर्षं झाली, आता काय.)

निशिकांत कामतने तो पिक्चर गोव्यात घडवला म्हणून आम्हाला जरा जास्तच जवळचा. त्यातला विजय साळगावकर केबलवाला, चौथी नापास, आणि जे काही शहाणपण आहे ते सगळं पिक्चर बघून आलेलं. असली माणसं आमच्याकडे वाड्यावाड्यावर आहेत. पण त्या पिक्चरमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट शेवटची नाहीच. घडायचं ते घडून गेल्यावर हा माणूस बायको-पोरींना घेऊन पणजीला जातो, सत्संग, हॉटेल, पिक्चर, पावभाजी, आणि नंतर भेटेल त्याच्याशी बोलता बोलता तारीख सरकवत नेतो. दोन ऑक्टोबर, दोन ऑक्टोबर. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ती बसते, आणि पोलिसांपुढे ते ठासून सांगतात ते त्यांना खरोखरच आठवत असतं. थिएटरच्या अंधारात मला आमचा सोपा आठवला. मलाही असे बरेच पिक्चर आठवतात जे मी बघितलेलेच नाहीत.

याचा पुरावा मला अलीकडे मिळाला. ऐंशीच्या दशकातला एक हिंदी पिक्चर, नाव घेत नाही, त्याचे चाहते अजून जिवंत आहेत. त्यात हिरोची आंधळी आई मुलाला शोधत शहरात येते. तिच्याकडे पैसे नसतात. शेवटच्या बसचा कंडक्टर तिला तिकीट न मागता बसवून घेतो, आणि कोर्टाच्या दारात उतरवतो, अगदी वेळेवर. हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर इतका लख्ख आहे की कंडक्टरच्या खाकी शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. परवा यूट्यूबवर अख्खा पिक्चर लावून बसले. आई आहे. कोर्ट आहे. बस नाही. आई रिक्षाने येते! मग मला शंका आली आणि मी आठवणीतले मामाचे पिक्चर एकेक करून तपासायला लागले. डाकूंच्या पिक्चरमध्ये डाकूंना चकवून पोरांना घेऊन जाणारा कंडक्टर. जुळ्या भावांच्या पिक्चरमध्ये दोघांना वेगवेगळ्या दिवशी तिकीट देणारा आणि म्हणून भानगड सगळ्यांत आधी ओळखणारा कंडक्टर. एकाही श्रेयनामावलीत तो सापडणार नाही. 'दृश्यम'च्या साक्षीदारांत मात्र एक बस कंडक्टर आहे, खराखुरा, पटकथेतला. मामाने त्याला काहीही न जोडता सांगितलेला मला माहीत असलेला तो एकच पिक्चर.

व्हिडिओ आला तेव्हा मामाचं दुकान बसेल असं वाटलं होतं. चवथीला वाड्यातर्फे व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे, आरत्या झाल्या की गणपतीवर टांगलेल्या माटोळीखालून सतरंज्या ओढून सोप्यावर घालायच्या, आणि रात्रभर एकामागून एक तीन कॅसेटी. नेवऱ्यांचे तुकडे पोरांच्या मुठीत. सचिनचा 'अशी ही बनवाबनवी' आला त्या वर्षी तर एकच कॅसेट पुन्हापुन्हा फिरली. आता सगळेच बघत होते, सांगायचं कुणाला? पण मामा पडद्याच्या पुढे धावायचा. 'आता बघ हं, हा दार उघडणार.' लोक ओरडायचे, मामी चिमटा काढायची. मात्र शेवटचा अर्धा तास आला की हाच माणूस कोणाला शिंकू द्यायचा नाही. 'गप्प बसा गो, शेवट आहे.' हे मला तेव्हा विसंगत वाटायचं.

नातीच्या मैत्रिणींच्या गप्पाही मी ऐकते. त्या गप्पा वाईट नाहीत, चलाख आहेत. 'फर्स्ट हाफ क्रिस्प, सेकंड हाफ ड्रॅग.' 'बीजीएम वेडं आहे.' 'वन टाइम वॉच.' 'प्रभावळकर काय तोडतात, एक्क्याऐंशी वर्षं वय आहे म्हणे!' पंधरा मिनिटं पिक्चरवर बोलणं होतं, पाचापैकी साडेतीन स्टार दिले जातात, आणि त्यात कोण कुठे गेलं, कोण कोणाला काय म्हणालं, यातलं एक अक्षर येत नाही. न सांगण्याची सवय इतकी मुरली आहे की सगळ्यांचा बघून झाला तरी गोष्ट कोणी काढत नाही. मग मला वाटतं, उद्या यांना विचारलं की बाबुलीने शेवटी काय केलं, तर 'क्लायमॅक्स भारी होता' याच्यापलीकडे काही आठवेल का? का तोही म्हातारीचा उगाच संशय? मुली बुधवारी बघून आल्या. नातीचे डोळे सुजलेले होते, मीच तिला बस स्टँडवरून घरी आणलं. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. 'कसा होता?' म्हटलं तर 'छान.' पुढे डिचोलीचा पूल येईपर्यंत काही नाही. सांगायला शब्द नव्हते, की मला वाचवत होती, कोण जाणे. मी तोवर बघितला नव्हता ना.

पण पूर्ण गोष्ट सांगणं आणि ऐकणं अजून जिवंत आहे अशी एक जागा गोव्यात आहे, आणि ती कुठे असावी, तर इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. २००४ साली महोत्सव पणजीला आला तेव्हापासून बहुतेक वर्षी नोव्हेंबरात, हल्ली वीस तारखेच्या सुमारास, जुन्या जीएमसीच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या, आवारात रांगा लागतात. गळ्यात कार्ड, खांद्याला ती दरवर्षीची पिशवी, कोल्हापुरातून आलेले निवृत्त प्राध्यापक, सावंतवाडीचे मास्तर, केरळची पोरं, पाठीवर झोपायची वळकटी असल्यासारखी सॅक. इथे कोणी स्पॉयलर म्हणून किंचाळत नाही, कारण कॅटलॉगमध्येच गोष्ट छापलेली असते आणि लोक ती वाचूनच रांग निवडतात. तिथल्याच मॅकिनेज पॅलेस थिएटरच्या पायरीवर चहाचा कागदी कप हातात धरून अनोळखी माणूस अनोळखी माणसाला अख्खा पोलिश पिक्चर सांगताना मी पाहिला आहे, हातवाऱ्यांसकट.

निवृत्त झाल्यापासून मामाही येतो. त्या दिवसांत मामा-मामी दोघं माझ्याकडे पर्वरीला मुक्कामाला असतात. नोंदणी मी करते, ओटीपी मामीच्या मोबाईलवर येतो, त्यावरून दरवर्षी एक भांडण. मामाचं इंग्रजी तिकिटावरच्या अक्षरांइतकं. सबटायटल्स पहिले दोन शब्द वाचेपर्यंत उडून जातात. त्याने त्यावर उपाय काढला आहे, तो वाचतच नाही. माणसांकडे बघतो. मागे एकदा तो एक इराणी पिक्चर बघून आला आणि रात्री जेवणाच्या टेबलावर चण्यांची पुडी ठेवली. म्हातारा आणि त्याची नात, डोंगरातला रस्ता, गालिचा विकायला चाललेत. म्हाताऱ्याला घर विकायचंय, पण नातीला सांगवत नाही. वाटेत बर्फ. मामाने बर्फ कधी बघितलेला नाही, तरी आमच्या टेबलावर गारठा पडला. एका वळणावर बसवाला त्यांना वाटेतच उतरवायला निघतो, तर कंडक्टर उठून आपली जागा पोरीला देतो आणि स्वतः फूटबोर्डवर उभा राहतो, त्या थंडीत. शेवटी म्हातारा गालिचा विकत नाही, पोरीच्या अंगावर पांघरतो. मामी म्हणाली, 'बिचारा.' म्हातारा की कंडक्टर, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभी असताना मी कॅटलॉग चाळला. त्यात म्हाताऱ्याची नात नव्हती, ती त्याची धाकटी बायको होती. घर विकायचं नव्हतंच, जमिनीचा खटला होता. मीही नंतर तो पिक्चर बघितला. चांगला होता. फोटोग्राफी सुरेख. त्यातलं मला आज फारसं काही आठवत नाही, मामाचा मात्र अथपासून इतिपर्यंत सांगू शकते.

इफ्फीत मामाची एक सवय मला कळत नसे. पिक्चर संपला, लोक उठले, दिवे लागले, तरी तो बसून. शेवटची पाटी वर जाईपर्यंत, पेट्रोल कोणी पुरवलं आणि जेवण कोणी बनवलं ती नावंसुद्धा, जी त्याला वाचताही येत नाहीत. पुढच्या पिक्चरची रांग चुकायची. गेल्या नोव्हेंबरात एका रात्री मी विचारलंच. आम्ही स्वयंपाकघरात होतो, मामी ओट्याशी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती.

"आता घाई कसली," मामा म्हणाला. "नोकरीत असताना कधी शेवट मिळाला नाही."

"म्हणजे?"

"मॅटिनी बाराची. पिक्चर तीन तासांचे. गाडी पावणेतीनची. अडीचला उठून स्टँडवर पळायचो."

मी सुंगटांच्या ताटलीकडे बघत राहिले. ती सगळी कोर्टं, ते डाकू, ते जुळे भाऊ. आंधळ्या आईला वेळेवर पोचवणारी शेवटची बस. त्या शेवटांवर आम्ही रडलो होतो, पोरं टाळ्या वाजवत अंगणभर पळाली होती, आणि त्यातला एकही त्याने बघितलेला नव्हता. गाडीत तिकिटं फाडता फाडता त्याने ते जुळवले होते, म्हापसा ते डिचोली, मिरच्यांच्या पोत्यांवरून ढांगा टाकत. "मग सांगायचं नाही का तेव्हा?" मी म्हटलं. "मागीर मागीर करून तुम्ही सोडलं असतंत?" मामा म्हणाला.

मामी अजून पाठमोरीच होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, १९८१. 'एक दुजे के लिए' लागला होता, गोव्यातली गोष्ट म्हणून सगळीकडे बोलबाला. मामाने सोप्यावर सांगितला तेव्हा वासू आणि सपना कड्यावर उभे असतात, तेवढ्यात खालच्या रस्त्याने बस येते, कंडक्टर शिट्टी मारतो, आणि दोघं त्या बसमध्ये चढून निघून जातात. म्हणून मामी निर्धास्तपणे बहिणीला घेऊन बघायला गेली, गजरा वगैरे माळून. आणि तिथे दोघंही मेली. बहिणीने तिचा दंड धरून विचारलं, 'अगो, बस कुठे आहे?'

"आठ दिवस बोलले नव्हते मी यांच्याशी," मामी म्हणाली.

मामाने पुडीतले चणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. सालं ओट्यावर उडाली. "पण खरं सांग," तो म्हणाला, "माझा बरा होता की त्यांचा?"

मामीने विचार केला. सुंगटाचा काळा दोरा ओढून काढला, बोट पाण्यात बुडवलं.

"तुमच्यात रडायला मिळालं नसतं," ती म्हणाली.